न कळलेल्याला दिलेलं नाव

व्हिटॅमिन सीचं शास्त्रीय नाव ॲस्कॉर्बिक ॲसिड. त्यातला पहिला स्वर 'अभय', 'अशोक' यांतल्या नकारार्थी 'अ'चाच ग्रीक भाऊबंद. पुढचा 'स्कॉर्ब्युटस' म्हणजे स्कर्व्ही. तो उत्तर युरोपातल्या बोलींतून वैद्यकाच्या लॅटिनमध्ये शिरला असं मानतात. नेमक्या मुळाबद्दल एकमत नाही. स्कर्व्ही होऊ न देणारं आम्ल, एवढंच हे नाव सांगतं.

त्याआधी 'अँटीस्कॉर्ब्युटिक', म्हणजे स्कर्व्हीनाशक, हा शब्द चालत होता. त्याने कित्येक खलाशांचा घात केला असं माझं मत आहे. व्हिनेगर, पातळ केलेलं गंधकाम्ल, माल्टचा काढा, ज्याला त्याला ही पदवी मिळे. रोग तर भयंकर. हिरड्या सुजून दातांवर चढत. १७४० साली निघालेल्या ब्रिटिश आरमारी अधिकारी ॲन्सनच्या सफरीत एका खलाशाची पन्नास वर्षांपूर्वी भरलेली जखम पुन्हा उघडली. व्रणातलं कोलॅजेन शरीर सतत नव्याने घडवत असतं आणि त्यासाठी व्हिटॅमिन सी लागतं. ते संपलं की जुने सांधेही सुटतात.

१७४७ मध्ये ब्रिटिश आरमारातला वैद्य जेम्स लिंड याने स्कर्व्हीच्या बारा रुग्णांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री-लिंबू मिळालेल्या जोडीपैकी एकजण सहा दिवसांत कामावर जाण्याजोगा झाला, दुसऱ्याला बाकीच्यांच्या शुश्रूषेला लावलं. १७९५ पासून ब्रिटिश आरमारात लिंबाचा रस मिळू लागला. पण १८६० च्या दशकात भूमध्य समुद्राकाठच्या पिवळ्या लिंबांच्या जागी वेस्ट इंडीजची हिरवी लिंबं आली. दोन्ही आंबट, दोन्ही 'स्कर्व्हीनाशक', मग फरक तो काय! हिरव्यात व्हिटॅमिन सी बरंच कमी होतं. वाफेच्या जहाजांनी प्रवास आखूड केल्यामुळे ही चूक झाकून राहिली. १८७५ मध्ये उत्तर ध्रुवाकडे निघालेल्या नेअर्सच्या मोहिमेत हा रस सोबत असूनही स्कर्व्हीने माणसं आडवी झाली. शब्दाने उत्तर मिळाल्याचा भास दिला होता, म्हणून प्रश्न कुणी विचारलाच नाही.

म्हणूनच हंगेरियन शास्त्रज्ञ सेंट-ग्यॉर्गी मला मोठा वाटतो. १९२८ मध्ये त्याने केंब्रिजला एक पदार्थ वेगळा काढला. तो साखरेच्या जातीचा, पण नेमका कोणता ते कळेना, तेव्हा त्याने 'ठाऊक नाही' अशा अर्थाचं 'इग्नोज' हे नाव सुचवलं. शोधनिबंध छापणाऱ्या नियतकालिकाच्या संपादकाने ते नाकारल्यावर 'गॉडनोज', देव जाणे! तेही नाकारलं गेलं आणि सहा कार्बनवरून 'हेक्झुरॉनिक ॲसिड' ठरलं. पुढे हंगेरीत, सेगेदला, हा पदार्थ गिनिपिगांना देऊन पाहिला. माणसासारखंच त्यांच्याही शरीराला व्हिटॅमिन सी बनवता येत नाही. ज्यांना तो मिळाला त्यांना स्कर्व्ही झाला नाही, आणि मगच, १९३३ मध्ये, 'ॲस्कॉर्बिक' हे नाव पुढे आलं.