ध्यानापासून मनास अपाय होतो काय?



उपास करून कित्येक दिवस एकांतात ध्यानास बसलेला मनुष्य कधी कधी गांगरून परत येतो. त्यास झोप येत नाही, अन्न जात नाही, छाती धडधडते, आणि जवळ कोणी नसता बोलणे ऐकू येते. अशा वेळी मंडळीत तीन मते होतात. एक म्हणतो, यास दर्शन झाले. दुसरा म्हणतो, यास भूत लागले. तिसरा म्हणतो, याचा विश्वास उणा पडला. यांत खरा कोण?

माझ्या मते तिघेही घाई करितात. इ. स. २०२० मध्ये काही संशोधकांनी ध्यानाविषयीचे ८३ अभ्यास एकत्र पारखिले. त्यांत सुमारे शेकडा ८ लोकांस अपाय झाल्याचे दिसून आले. चिंता व खिन्नता हे त्यांतील मुख्य. ज्यांस पूर्वी मनाचा काही विकार नव्हता अशांसही असे होऊ शकते. बहुतेकांस त्रास होत नाही हे जितके खरे, तितकेच काहींस होतो हेही खरे.

कोणी म्हणेल, हा दोष इतर धर्मांच्या ध्यानाचा. आमच्या प्रार्थनेस तो लागत नाही. हे बोलणे न्यायाचे नव्हे. चौथ्या शतकात मिसर देशाच्या रानात ख्रिस्ती संन्यासी एकांतात राहत. त्यांपैकी इवाग्रियस याने भर दुपारी मनास घेरणाऱ्या उदासीनतेविषयी लिहून ठेविले आहे. विपश्यनेस बसणाऱ्या शेजाऱ्याचे मन आणि आपले मन एकाच मातीचे घडले आहे; अति भार पडला तर दोन्ही तडकतात.

मग एकांत सोडावा काय? नाही. प्रभु येशू स्वतः एकांती जाऊन प्रार्थना करीत असे. परंतु एलीयाची गोष्ट आठवा (१ राजे, अध्याय १९). तो रानात रतामाच्या झुडुपाखाली बसून मरण मागू लागला, तेव्हा देवाने त्याचा धिक्कार केला नाही. आधी झोप दिली, दूताच्या हाते भाकर व पाणी दिले. होरेब डोंगरावरील मंद वाणी त्यानंतरची. शेवटी सोबतीस अलीशा दिला.

हाच क्रम आपण धरावा. ज्याची झोप उडाली त्यास आणखी उपास सांगू नये. ध्यान थांबवावे, जेवू घालावे, एकटे सोडू नये, आणि विलंब न लाविता मनोविकारांच्या डॉक्टरकडे न्यावे. औषध घेणे हे अविश्वासाचे चिन्ह नव्हे. जो उपदेशक दुसऱ्यास रानात पाठवितो, त्याने त्याच्यामागे भाकर घेऊन जाण्याचीही तयारी ठेवावी.