आजीवन गॅरंटी

पाच-सहा वर्षांपूर्वी पाण्याची टाकी घ्यायला गेलो. दुकानदार म्हणाला, "न्या साहेब, आजीवन गॅरंटी!" मी विचारलं, "कोणाचं आजीवन? माझं, तुमचं की टाकीचं?" तो नुसताच हसला. तिसऱ्या उन्हाळ्यात टाकी गळाली. दुकान त्याआधीच गळालं होतं.

तेव्हापासून टिकाऊपणाचा विषय निघाला की माझे कान टवकारतात. त्यामुळे फिनलंडमधल्या ओन्कालोची हकीकत मी दोनदा वाचली. अणुभट्टीतलं वापरलेलं इंधन तिथे चारशेहून अधिक मीटर खोल खडकात पुरायचं आहे. आत लोखंडी नळकांडं, त्यावर पाच सेंटीमीटर जाडीचं तांब्याचं कवच आणि भोवती पाणी लागताच फुगणारी बेंटोनाइट माती. हिशेब एक लाख वर्षांचा. आई म्हणाली, "म्हंजे लोणच्याच्या बरणीले दादरा बांधल्यावानीच झालं." अगदी तसंच! फक्त ही बरणी कोणी उघडायची नाही.

तांबं टिकतं, नाही असं नाही. दायमाबादला १९७४ साली सापडलेला तांब्याचा रथ तीन हजारांहून अधिक वर्षं मातीखाली राहिला. पण एक लाख म्हणजे तसे तीसेक रथ एकापुढे एक जुंपायचे! स्वीडनमध्ये २०१८ साली पर्यावरण न्यायालयाने याच तांब्याच्या गंजण्याविषयी शंका काढली होती. पुढे २०२२ साली सरकारने परवानगी दिली.

आपल्याकडे तारापूरला वेगळी रीत. इंधनावर प्रक्रिया करून उरलेला जहाल कचरा बोरोसिलिकेट काचेत मुरवतात, पोलादी डब्यांत भरतात आणि हवेशीर कोठारात निवत ठेवतात. कायमचं खोल कोठार अजून बांधलेलं नाही. बँकेच्या भाषेत, रक्कम सध्या सस्पेन्स खात्यात आहे.

मध्यंतरी मुलाला घेऊन लोणारला गेलो. आमच्या जिल्ह्यात लाखांच्या भाषेत बोलावं अशी तेवढीच जागा. या विवराचं वय पूर्वी पन्नासेक हजार वर्षं मानत. २०१० च्या सुमारास नव्या पद्धतीने मोजलं, तर पावणेसहा लाखांच्या आसपास निघालं. एवढा फरक माझ्या लेजरात निघाला असता तर मी घरीच बसलो असतो! काठावर उभं राहून मुलाने विचारलं, "बाबा, त्या डब्यांवर 'उघडू नका' असं कोणत्या भाषेत लिहिणार?" मी गप्प. १२९० सालची ज्ञानेश्वरी वाचायला मला आजच टीपा लागतात.

तरी माझी खरी अडचण डब्याची नाही, वारसाची आहे. बापाचं कर्ज वारसाकडून वसूल करायचं, तर बापाकडून जेवढी मालमत्ता मिळाली तेवढ्यापुरतंच, हे आमच्या शिपायालाही पाठ आहे. इथे मालमत्ता म्हणजे वीज, आणि ती तर आपण पंखे फिरवून संपवली. वारसाची सही नाही, संमती नाही, नुसती थकबाकी. कोळसा जाळावा, तर त्याचा धूरही त्याच्याच नावे, आणि तो तर डब्यातसुद्धा भरलेला नाही! म्हणून अणुवाल्यांना मी एकदम दोषही देत नाही. निदान कचरा मोजून तरी ठेवतात.

कोणी म्हणतं, कायमचं बुजवून विसरून जा. कोणी म्हणतं, वाट ठेवा, पुढच्यांना जास्त कळेल. मी दुसऱ्यांच्या बाजूचा. ज्याच्या गळ्यात लॉकर बांधायचा, त्याला किल्ली नको?

हे मी घरी जरा ठासूनच सांगितलं. मुलगा म्हणाला, "बाबा, आपल्या टाकीचं गॅरंटी कार्ड कुठाय?" ट्रंकेत शोधलं, सापडलं. त्यावरची शाई उडाली होती.