बुडालेले जहाज कोणाचे?

आपल्या साकीनाक्याच्या खैरानी रोडवर भंगाराचा धंदा अनेक कुटुंबांना पोसतो. मालकाने टाकलेली वस्तू उचलील त्याची, हा तेथील न्याय. त्यात गैर काही नाही. परंतु हाच न्याय सरोवराच्या तळाशी गेलेल्या जहाजास लावावा काय?

उत्तर अमेरिकेच्या पंचमहासरोवरांत हजारो जहाजे बुडाली आहेत. तेथील पाणी गोडे व अतिशय थंड. लाकूड पोखरणारी खाऱ्या पाण्यातील कीड तेथे जगत नाही. म्हणून दीडशे वर्षांपूर्वीची गलबतेही डोलकाठ्यांसह उभी आढळतात. मोह होतो तो यामुळेच. पाणबुड्यांनी कित्येक घंटा, नांगर, बशा घरी नेल्या. अखेर १९८८ साली अमेरिकेत कायदा होऊन अशा बेवारस जहाजांची मालकी त्या त्या राज्याकडे गेली.

१० नोव्हेंबर १९७५ रोजी ‘एडमंड फिट्झजेराल्ड’ हे मालवाहू जहाज सुपीरियर सरोवरात वादळात बुडाले. एकोणतीस खलाशी होते. एकाचाही देह हाती लागला नाही. १९९५ मध्ये नातलगांच्या विनंतीवरून जहाजाची घंटा वर काढली गेली आणि तिच्या जागी एकोणतीस नावे कोरलेली दुसरी घंटा ठेवण्यात आली. ही लूट नव्हे काय, असे कोणी विचारील. मला तसे वाटत नाही. जागेअभावी आपणही काही वर्षांनी कबर उघडतो, अस्थी भिंतीतील कोनाड्यात ठेवतो. मात्र कुटुंबाला सांगून, प्रार्थना करून. दोष स्पर्शात नाही. कोणाच्या संमतीने व कशासाठी, हे पाहावे लागते.

युनेस्कोच्या २००१ च्या करारात पाण्याखालील वारशासाठी शंभर वर्षांची अट आहे. आपला १९७२ चा पुरावस्तू कायदाही सामान्यतः शंभर वर्षेच मोजतो. इतिहासाला अशी मर्यादा लागत असेल. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली, सहाशेंहून अधिक माणसे गेली. तिची शंभर वर्षे २०४७ मध्ये भरतील. तोवर तिला नुसते लोखंड म्हणावे काय?

अवघड प्रश्न उरतो तो निनावी गलबतांचा. तेथे संमती देणारा नातलगच नाही. त्या घराचे दार उघडे आहे म्हणून आत शिरावे, हे मला पटत नाही. छायाचित्रे व मोजमापे घेऊन अभ्यास भागतो, तोवर तेथील बशीही हलवू नये.