साठ दिवस कोणाचे?

दत्तकाची गोष्ट आपण बहुधा एकाच टोकाकडून सांगतो. वर्षानुवर्षं थांबलेलं जोडपं, ‘कारा’ या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरची प्रतीक्षायादी, मग एके दिवशी आलेला फोटो आणि होकार कळवायला मिळालेले ४८ तास. पेढे वाटले जातात. मूल जिच्या पोटी जन्मलं, ती बाई या गोष्टीत कुठेच नसते.

यवतमाळ जिल्ह्यात तिला असं वगळता येत नाही. झरी जामणी आणि आसपासच्या तालुक्यांतल्या कोलाम आदिवासींच्या पोडांवरच्या, म्हणजे वस्त्यांवरच्या, कुमारी मातांबद्दल वर्तमानपत्रांनी पुष्कळ लिहिलं. लग्नाचं आमिष, बाहेरून आलेले ठेकेदार, संख्या नेमकी किती यावरचे वाद, सगळं छापून आलं. एक साधी गोष्ट मात्र त्या गदारोळात कुणी फारशी मांडली नाही. या बाया मूल टाकून मोकळ्या झालेल्या नाहीत. त्या मूल सांभाळताहेत, म्हणून तर आपल्याला दिसतात.

मूल द्यायचं की ठेवायचं, हे आईनं ठरवायचं असतं. १८६३ साली पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तेव्हा विधवांसाठी लावलेल्या जाहिरातीतच सांगून टाकलं होतं की बाळंतपणानंतर मूल न्यायचं की तिथेच ठेवायचं, हे त्यांच्या खुशीवर. फुल्यांनी दत्तक घेतलेला यशवंत तिथलाच, तिथे बाळंत झालेल्या काशीबाईंचा मुलगा, १८७४ सालचा. आश्रयाच्या बदल्यात मूल मागायचं नाही, ही समज दीडशे वर्षांपूर्वीची आहे.

२०१५ च्या बाल न्याय कायद्यात हीच खुशी कलमात बसवली आहे. आई बाल कल्याण समितीपुढे मूल सुपूर्द करते. त्याआधी तिचं समुपदेशन व्हायलाच हवं, आणि त्यानंतर फेरविचारासाठी तिला दोन महिने मिळतात. तोवर मूल दत्तकासाठी मोकळं होत नाही. अविवाहित आईची एकटीची सही पुरते. बाळाच्या बापाला शोधत बसावं लागत नाही. परिस्थितीपुढे हात टेकून मूल सोडणाऱ्या आईबापांना कलम ७५ ची शिक्षाही लागू होत नाही. कागद चांगला आहे. वाईट आहे ते त्या कागदापर्यंतचं अंतर.

समिती जिल्ह्याच्या गावी. पोडावरची मुलगी घरात कोलामी बोलते, समुपदेशन मराठीत. आणि त्या साठ दिवसांत ती राहणार कुठे, खाणार काय? मूल ठेवायचं म्हटलं तर राज्याची बालसंगोपन योजना आहे, पण तिचा अर्ज कोण भरून देणार, दाखले कुठून आणायचे? मूल देण्याचा कागद पटकन होत असेल आणि ठेवण्याचा रखडत असेल, तर त्या दोन महिन्यांना फेरविचार म्हणणं धाडसाचंच. दत्तक संस्थेचं माप मी तिनं किती मुलं ‘दिली’ यावरून घेणार नाही. किती आया मूल घेऊन घरी गेल्या, आणि त्यांच्या मागे कोण गेलं, हे आधी विचारेन. असा आकडा वार्षिक अहवालात अभिमानानं छापणारी संस्था मला तरी आवडेल.

घेणाऱ्या घराचीही बाजू आहेच. नियमानुसार संस्थेची समाजसेविका दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी घरी येऊन जाते. पण खरे प्रश्न तेव्हा कुठे पडतात! मूल पाच-सहा वर्षांचं झाल्यावर ‘मी कुठून आलो?’ विचारतं, आणि बारा-तेराव्या वर्षी तोच प्रश्न रागानं येतो. तोवर संस्थेशी संबंध उरतो तो दिवाळीच्या शुभेच्छांपुरता. पालकांचे गट, मोठ्या झालेल्या दत्तक मुलांच्या गाठीभेटी, हे ज्या संस्था मनापासून करतात त्यांच्याकडून मूल घेतलेल्या घरांत ‘सांगायचं केव्हा?’ याची धास्ती कमी असते. उशीर केला की शेजारी सांगतात, आणि ते कधीच नीट सांगत नाहीत.

पुढे हेच मूल मुळांचा शोध घ्यायला संस्थेच्या दारात आलं, आणि सुपूर्द करताना आईनं ओळख गुप्त ठेवायला सांगितलेलं असलं, तर तिच्या संमतीशिवाय तिचं नाव त्याला देता येत नाही. तिची ओळख जपायची, तरी मुलाला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही, हे तारेवरचं काम. म्हणून सुपूर्द करतानाच तिला विचारून ठेवावं: पुढे मुलानं विचारलं तर काय सांगू? चार ओळी तिच्या शब्दांत लिहून घ्याव्यात, कोलामीत बोलली तर कोलामीत. ‘आई अविवाहित, परिस्थिती हलाखीची’ एवढ्या शेऱ्यावर अठरा वर्षांच्या पोराचं समाधान होत नाही.