अदृष्ट ग्राहक आणि सत्यव्रत

ऑनलाइन दुकानाचा विचार बहुधा भांडवल, साठवण, पार्सलचा खर्च आणि पैसे स्वीकारण्याची सोय यांपासून सुरू होतो. परंतु या सर्वांच्या आधी एक नीतिशास्त्रीय प्रश्न उभा असतो, आणि तो असा की ज्या ग्राहकाला मालाला हातच लावता येत नाही, त्याच्याशी खरे बोलणे म्हणजे नेमके काय करणे. कापूस, सोयाबीन आणि तूर पिकवणाऱ्या यवतमाळ जिल्ह्यातील बाभुळगावात एखाद्या महिला बचत गटाने जात्यावर भरडलेली तूरडाळ पुण्या-मुंबईच्या घरांना ऑनलाइन विकायचे ठरवले, तर हा प्रश्न त्या गटापुढे पहिल्याच दिवशी येतो. आठवडी बाजारात गिऱ्हाईक डाळ तळहातावर घेते, एखादा दाणा चावून पाहते आणि भाव पटला नाही तर पुढच्या पालाकडे वळते. ऑनलाइन दुकानात मात्र एक छायाचित्र आणि वर्णनाच्या चार ओळी यांवरच सौदा ठरतो, आणि त्यामुळे तेथे व्यापारधर्माचा विचार हा वाणीच्या धर्माचा विचार होऊन बसतो.

व्यापाऱ्याकडे धर्म शिकायला जाण्याचा प्रसंग महाभारताच्या शांतिपर्वात आला आहे. पक्ष्यांनी जटांत घरटे बांधून पिले वाढवली तरी न हललेल्या जाजली नावाच्या तपस्व्याला आपल्या तपाचा अभिमान होतो, आणि तेव्हा त्याला वाराणसीच्या तुलाधार या वाण्याकडे जावे लागते. नाना प्रकारचे रस आणि सुगंधी द्रव्ये विकणारा, पण मद्याला हात न लावणारा तुलाधार आपला तराजू सर्व भूतमात्रांसाठी सारखा असल्याचे सांगतो. या समत्वाचे, म्हणजे आपपरभाव न ठेवता सर्वांना एकाच मापाने मोजण्याचे, मोल मोठे आहे. तरी तुलाधाराचा तराजू ग्राहकाच्या डोळ्यांसमोर झुकत असे, ही गोष्ट विसरता येत नाही. तराजूच दिसेनासा झाल्यावर समत्व कोठे शोधावे, याचे उत्तर त्या संवादापेक्षा योगशास्त्रात अधिक नेमके सापडते.

पतंजलीच्या योगसूत्रांत अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य आणि अपरिग्रह हे पाच यम, म्हणजे आचरणाचे मूलभूत निर्बंध, सांगितले आहेत. त्यांतील सत्याचे विवरण करताना या सूत्रांवरचे व्यासभाष्य केवळ 'खोटे बोलू नये' एवढ्यावर थांबत नाही. जसे पाहिले, जसे अनुमानाने जाणले आणि जसे ऐकले, तसेच मन आणि वाणी असणे हे सत्य होय. आणि वाणी ही आपल्याला झालेला बोध दुसऱ्याच्या मनात पोहोचवण्यासाठी असल्याने ती वंचिता, भ्रान्ता किंवा प्रतिपत्तिवन्ध्या असू नये, असे भाष्यकार म्हणतो. वंचिता म्हणजे फसवणारी, भ्रान्ता म्हणजे बोलणाऱ्याच्याच चुकीच्या समजुतीतून निघालेली, आणि प्रतिपत्तिवन्ध्या म्हणजे ऐकणाऱ्याला कोणताच बोध न देणारी वाणी. पहिल्या दोषासाठी या भाष्याचे टीकाकार वाचस्पती मिश्र यांनी अश्वत्थाम्याविषयी युधिष्ठिराने द्रोणाचार्यांना दिलेल्या उत्तराचे उदाहरण दिले आहे, आणि ते फार अर्थपूर्ण आहे, कारण त्या उत्तरातला शब्द खोटा ठरवता येत नव्हता, तरी द्रोणाचार्यांच्या मनात पोहोचलेला बोध खोटा होता.

ही त्रिविध कसोटी डाळीच्या वर्णनाला लावून पाहावी. तुरीला तेलपाणी लावून, उन्हात वाळवून, जात्यावर भरडलेली डाळ निस्तेज दिसते, तिच्यात काही पाकळ्या फुटलेल्या असतात आणि मधूनमधून टरफल चिकटून राहिलेले असते. गिरणीत पॉलिश केलेली डाळ चकचकीत असते. छायाचित्राचा रंग फोनमध्ये उजळवून पिवळाधमक केला, तर एकही खोटा शब्द न लिहिता वाणी वंचिता होते, कारण येथे चित्रही बोलतच असते. शेतात काय फवारले याची खात्री न करता इतर सगळे लिहितात म्हणून 'सेंद्रिय' हा शब्द टाकला, तर ती भ्रान्ता होते. तिसरा दोष मात्र प्रामाणिक माणसाकडूनच अधिक घडतो. भरडणाऱ्या बाईला ठाऊक असते की ही डाळ शिजायला किती वेळ लागतो आणि ती आधी भिजत घालावी लागते का. परंतु 'गावरान, घरगुती, अस्सल' एवढेच लिहिले, तर शहरातल्या खरेदीदाराच्या हाती यातले काहीच लागत नाही. विशेषणांची ही रास खोटी नसते, पण ती वांझ असते, आणि भाष्यकाराच्या मते तीही सत्याच्या व्रतात बसत नाही.

कायदाही हीच वाट आपल्या गतीने चालला आहे. 1930 च्या वस्तुविक्री कायद्याने वर्णनावरून होणारी विक्री हा वेगळा प्रकार मानून माल वर्णनाशी जुळलाच पाहिजे अशी अट घातली. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनी विक्रेत्याला ग्राहकाचे सोंग घेऊन स्वतःच्याच मालाचे अभिप्राय लिहिण्यास मनाई केली. आणि 30 नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी, कोठीत पोते भरलेले असताना 'शेवटची तीन पाकिटे शिल्लक' असे लिहिण्यासारखी खोटी घाई अनुचित क्लृप्त्यांत मोजली.

यापुढचा प्रश्न कठीण आहे, आणि तो न बोलण्याचा आहे. इ.स.पू. 44 मध्ये कर्तव्यांवर लिहिताना रोमन विचारवंत सिसेरोने एक जुना वाद नोंदवला. दुष्काळी ऱ्होड्स बेटावर अलेक्झांड्रियाहून धान्य घेऊन पोहोचलेल्या व्यापाऱ्याला, मागून आणखी जहाजे येत आहेत हे ठाऊक असेल, तर ते सांगून त्याने स्वतःचा भाव पाडून घ्यावा काय? कायद्याला हवे तेवढे दोष सांगितले की पुरे, असे बॅबिलोनच्या डायोजेनिसचे मत होते. त्याचाच शिष्य अँटिपॅटर काहीही लपवू नये असे म्हणत होता, आणि सिसेरोने शिष्याचा पक्ष घेतला. विदर्भात तूर साधारणपणे डिसेंबर-जानेवारीत निघते. म्हणजे डिसेंबरात गेल्या हंगामाची डाळ विकणाऱ्या बाभुळगावच्या गटालाही, नवा माल दाराशी आला आहे, हे ठाऊक असते, आणि मुंबईच्या ग्राहकाला बहुधा ठाऊक नसते. नव्या तुरीने भाव उतरेलच, हे मात्र गटालाही नक्की माहीत नसते. ते अनुमान असल्याने अनुमान म्हणूनच सांगता येते, आणि न सांगितल्यास तो वंचनेचा दोष मानणे अतिरेकाचे होईल. डाळ कोणत्या हंगामाची आहे आणि कोणत्या महिन्यात भरडली, ही गोष्ट वेगळी आहे. ती प्रत्यक्ष पाहिलेली आहे, मालाच्या ठायी आहे, आणि ग्राहकाला ती दुसऱ्या कोणत्याही मार्गाने कळू शकत नाही. म्हणून ती किमतीशेजारीच, तितक्याच ठळक अक्षरांत लिहिली पाहिजे, जरी तसे लिहिल्याने काही ग्राहक फेब्रुवारीपर्यंत थांबतील आणि तेवढी पाकिटे कोठीतच राहतील.