शपथेचे बळ कशात?

अमेरिकेच्या लष्करी तळांवर नोटरीचे काम करण्याचा अधिकार केंद्रीय कायद्याने लष्करातील विधी अधिकाऱ्यांना दिला आहे. परदेशी मोहिमेवर निघालेला सैनिक पत्नीच्या नावे मुखत्यारपत्र घेऊन येतो. अधिकारी ओळखपत्र पाहतो, आपल्यासमोर सही करवून घेतो आणि हुद्द्यासह स्वतःची सही करतो. या कामाला शुल्क घेता येत नाही.

प्रतिज्ञापत्र असेल तर शपथही घ्यावी लागते. तिथे जुना प्रश्न उभा राहतो: देवाला साक्षी न ठेवणाऱ्याचा शब्द खरा मानावा का? क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या अनुयायांनी ख्रिस्ताचे वचन प्रमाण मानून शपथच नाकारली. शपथेमुळे सत्याचे दोन दर्जे होतात, एक रोजचे आणि एक शपथेवरचे, असा त्यांचा आक्षेप होता. 1787 च्या अमेरिकी संविधानाने म्हणूनच शपथेला दृढकथनाचा, म्हणजे देवाचे नाव न घेता सत्याची ग्वाही देण्याचा, पर्याय ठेवला. भारताच्या 1969 च्या शपथ अधिनियमातही तो आहे. शिवाय शपथविधीत चूक राहिली, तरी साक्षीदाराचे खरे बोलण्याचे बंधन सुटत नाही, असे हा अधिनियम स्पष्ट सांगतो.

शपथ सत्याची आठवण करून देते. सत्याचे बंधन मात्र तिच्याही आधीचे असते.