नेम आणि फळ
ओपन साइटच्या पिस्तुलाने नेम धरताना डोळ्यासमोर तीन गोष्टी असतात: मागच्या साइटची खाच, नळीच्या टोकाजवळची फ्रंट साइट आणि लांबचे लक्ष्य. डोळ्याला एका वेळी एकाच अंतरावरचे स्पष्ट दिसते, म्हणून तिघांतले एक निवडावे लागते. नवशिका साहजिकच लक्ष्याकडे पाहतो. प्रशिक्षक त्याला फ्रंट साइटकडे पाहायला लावतो. लक्ष्य धूसर झाले तर होऊ द्यावे.

यामागे भूमिती आहे. १० मीटर एअर पिस्तूल प्रकारात दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर असतो. दोन्ही साइट जुळलेल्या ठेवून अख्खा हात ३ मिलिमीटर बाजूला सरकला, तर छर्राही तेवढाच सरकतो आणि दहा गुण मिळतातच. पण खाचेच्या मध्यापासून फ्रंट साइट १ मिलिमीटर ढळली, तर दोन साइटमधले अंतर ३३ सेंटिमीटर धरल्यास लक्ष्यावर ती चूक सुमारे ३० मिलिमीटर होते आणि दहाचे सात होतात. हाताचे डोलणे तर कुणाचेच पूर्ण थांबत नाही. त्या डोलण्यातच साइटची जुळणी टिकवायची आणि ट्रिगरवरचा दाब सरळ मागे, संथपणे वाढवत न्यायचा. लक्ष्य मधोमध आलेले पाहून घाईने बोट ओढणारा नेमक्या त्याच क्षणी जुळणी बिघडवतो. छर्रा सुटल्यावरही पवित्रा लगेच मोडायचा नसतो.

म्हणजे फळाची हाव इथे फळाच्याच आड येते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला कर्माचा अधिकार सांगणारा श्लोक नेमबाजांना जवळचा वाटतो तो यामुळे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये एअर पिस्तुलात कांस्यपदक मिळवल्यावर मनू भाकरने गीतेतल्या याच उपदेशाचा उल्लेख केला होता.

पण फळाकडे पाहायचेच नाही, तर लक्ष्य उभारायचे कशाला? हा प्रश्न ग्रीक-रोमन जगातही गाजला. सिसेरोच्या ग्रंथात स्टोइक मताचा कॅटो धनुर्धराचे उदाहरण देतो: नेम साधण्यासाठी शक्य ते सारे करणे हेच त्याचे साध्य, बाण लागणे पसंत करावे, पण अंतिम इष्ट मानू नये. प्लुटार्कला हे हास्यास्पद वाटले. बाण मारायचा तो लागावा म्हणून नव्हे, तर मारण्याची सारी खटपट व्हावी म्हणून, असे कोण म्हणेल?

टीका पोकळ नाही. मात्र तिचे उत्तर रेंजवर रोज मिळते. पाच छर्रे एकमेकांना चिकटून पण सगळे डावीकडे लागले, तर नेमबाज शांत असतो. साइटचा स्क्रू फिरवला की काम झाले. पाचही विखुरले, तर त्यातला एखादा दहात बसूनही तो अस्वस्थ होतो. फळ त्याला हवे असते आणि तो ते बारकाईने वाचतोही, पण ट्रिगर दाबण्याआधी आणि छर्रा लागल्यानंतर. टिळकांनी ‘गीतारहस्या’त फलाशा सोडणे म्हणजे हेतू न ठेवता कर्म करणे नव्हे, असे बजावले आहे ते याच अर्थाने पटते.

यापुढे मात्र तंत्राची साथ संपते. द्रोणाचार्यांच्या परीक्षेत अर्जुनाला पक्ष्याचे फक्त डोके दिसले, ही कथा एकाग्रतेसाठी सांगितली जाते. (लोककथेत डोळा आहे, महाभारतात डोके.) तो पक्षी कारागिरांकडून बनवून घेतलेला होता हे मात्र फारसे कुणी सांगत नाही. कृत्रिम पक्ष्यावर किंवा कागदावर नेम नीट धरला की प्रश्न मिटतो, कारण तिथे कुणाचे काही बिघडत नाही. कुरुक्षेत्रावर समोर भीष्म आणि खुद्द द्रोण होते. तिथे अर्जुनाचे गांडीव गळाले ते नेम चुकेल म्हणून नव्हे. तो चुकणार नाही हे त्याला ठाऊक होते म्हणून. फलाशा सोडल्याने हात स्थिर होतो, पण बाण सोडावा की नाही हे त्यातून ठरत नाही. त्यासाठी गीतेलाही स्वधर्म, आत्म्याचे अमरत्व आणि लोकसंग्रह असे वेगळे युक्तिवाद मांडावे लागले.